वाचकांचे प्रश्न : हुलागूचा पणतू रयतेचा वाली कसा?

प्रश्न : नातीचा इतिहासाचा अभ्यास घेताना अडले. मंगोल सेनानी हुलागूने १२५८ साली बगदाद बेचिराख केले आणि त्याचाच पणतू गाझान खान ‘सुधारक’ म्हणवला जातो. लुटारूंच्या घरात असा राजा निपजला कसा?
– एक वाचक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, लुटायला फारसे काही उरलेच नव्हते, हे त्याचे पहिले कारण. गाझान १२९५ साली इराणच्या गादीवर आला तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याचा चुलता गैखातू याने खजिन्यात खडखडाट म्हणून कागदी चलन काढले होते. तबरीझचा बाजार बंद पडला आणि ते गुंडाळावे लागले.

खेड्यांचे हाल तर वाचवत नाहीत. १२९२ च्या सुमारास यझ्दकडच्या फिरोझाबाद गावी एक जमीनमालक आपले उत्पन्न घ्यायला गेला. तीन दिवस, तीन रात्री गावचा एकही कारभारी सापडेना. गावात सतरा वसुलीवाले मात्र वराता, म्हणजे गावावर काढलेल्या वसुलीच्या चिठ्ठ्या, घेऊन ठाण मांडून बसलेले. त्यांनी शिवारातून एक राखणदार आणि दोन कुळे धरून आणली होती. त्यांना दोरीने टांगून मारहाण चालली होती : बाकीचे कुठे दडलेत ते सांगा आणि आमच्या जेवणाचे बघा!

गाझानने आपल्या सरदारांना बजावले ते याच संदर्भात : रयतेला लुटायचेच तर माझ्याइतके कुणाला जमणार नाही, चला, मिळून लुटू. पण बैल आणि बियाणे नेल्यावर पुढच्या वर्षी खाणार काय?

माझे आजोबा होळकर संस्थानात महिदपूरकडे पटवारी होते. सारा किती, हे कुळाला स्वतःला ठाऊक असले की मधल्यांचे हात आखडतात, असे ते नेहमी म्हणत. म्हणून गाझानच्या हुकुमांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा : प्रत्येक गावाचा कर ठरवून तो फळीवर, दगडावर किंवा पत्र्यावर कोरायचा आणि गावाच्या वेशीशी, मशिदीपाशी सर्वांना दिसेल असा लावायचा. वराता बंद. वजने-मापे सगळीकडे तबरीझची.

त्याला संत मात्र समजू नका. मुसलमान झाल्यावर त्याच्या राज्यात बौद्धांची देवळे पाडली गेली. ज्या नवरोझ नावाच्या सरदाराच्या बळावर गादी मिळाली, त्यालाच १२९७ मध्ये ठार केले. सीरियावर स्वाऱ्याही चालूच होत्या. १३०३ मध्ये तिथे त्याच्या फौजेचा सपाटून पराभव झाला. पुढच्याच वर्षी तो वारला, बत्तिसाव्या वर्षी.

हा सारा तपशील त्याचाच वजीर रशीदुद्दीन देतो, तेव्हा स्तुतीचा भाग वजा करूनच वाचावा. पण पुढच्या पिढीतला हिशेबनीस हमदुल्ला मुस्तौफी आकडा देतो : राज्याचा वसूल १७०० तुमानांवरून (एक तुमान म्हणजे दहा हजार दिनार) गाझानच्या काळात २१०० वर गेला. नातीला हा आकडा जरूर दाखवा.