टोपणनावामागचा माणूस उघड करावा का?

प्रश्न : जमिनींच्या झोन बदलावर मी ऑनलाइन लिहितो. एक जण टोपणनावाने दर लेखाखाली ‘हा पैसे घेऊन लिहितो’ असं टाकतो. तो शेजारच्या गावातला सरकारी कर्मचारी आहे, असं आता कळलंय. नाव-फोटो छापला तर चुकलं कुठे? (फोंडा)

उत्तर : कळलंय म्हणजे कसं कळलंय? ‘पासवर्ड विसरलात?’ दाबून दिसलेले फोनचे शेवटचे दोन अंक जुळले, एवढ्यावर बरेच जण खात्री धरतात. हजार फोनधारकांच्या प्रभागात ते दोन अंक साधारण दहा जणांचे असतात. लिहिण्याची लकब तर त्याहून कच्ची. एका शाळेतले दहा जण ‘कि’ ऱ्हस्वच काढतात.

ओळख पक्की आहे असं धरू. नावामुळे वाचकाला नवं काय कळेल? ज्या सर्व्हे नंबरावर तुम्ही लिहिलंत त्यात त्याचा वाटा असेल, तर तो हितसंबंध जरूर छापा. पण आधी त्याला लेखी विचारा, उत्तराला दोन दिवस द्या आणि ते उत्तर त्याच लेखात घ्या. तो नुसता टोचून बोलत असेल, तर नाव छापणं हा सूड झाला. गोव्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांना केंद्रीय वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला नियम 9 टोपणनावाने केलेल्या सरकारी धोरणावरच्या टीकेलाही लागतो. त्या खात्यावरून त्याने सरकारवरही काही लिहिलं असेल, तर एका खवचट ओळीपायी त्याची नोकरी पणाला लागते.

‘सगळं सरकारी नोंदीतच आहे, मी कुठे गुपित फोडलं?’ हा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. मतदार यादीत घर क्रमांक आहे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सहमालकांची नावं आहेत, खरं आहे. पण हे तुकडे संतापलेल्या लेखाशेजारी एकत्र ठेवले की जमावाला दाराची वाट मिळते. गोव्यात नाव आणि वाडा (गावातली वस्ती) सांगितला की पत्ता वेगळा लागतच नाही. सकाळी पाव विकायला येणारा पोदेरही घर दाखवील.

पैशांचा आरोप खोटा असेल तर मार्ग आहे : भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम 356. पोलीस यात थेट गुन्हा नोंदवत नाहीत, दंडाधिकाऱ्यांकडे स्वतः तक्रार द्यावी लागते. भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात लावायचा. खातं कुणाचं, हे न्यायालय कंपनीकडून मागवू शकतं, म्हणजे चुकीच्या माणसाचं नाव छापण्याची जोखीम तुमच्यावर येत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा : फौजदारी बदनामीत ‘मी खरंच लिहिलं’ एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं.

प्रश्न : ग्रामसभेत खाणीबद्दल विचारलं म्हणून एका राजकीय पेजवाल्याने माझ्या घराचा फोटो, स्कूटरचा आणि फोनचा नंबर टाकला. रात्री-अपरात्री फोन येतात. 66अ लागतं म्हणे? (डिचोली)

उत्तर : नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. फोनवर धमक्या येत असतील तर न्याय संहितेचं कलम 351 आहे. नाव लपवून धमकावलं तर शिक्षा वाढते. तुम्ही स्त्री असाल आणि एखादा पुरुष नको म्हणूनही पुन्हा पुन्हा संपर्क करत असेल तर कलम 78.

लोक घाईने आधी पोस्ट काढून टाकायला लावतात आणि मग पोलिसांकडे जातात. तोवर पुरावा गेलेला असतो. आधी अख्ख्या स्क्रीनचे फोटो घ्या, कापून नव्हे. लिंक, तारीख, वेळ दिसली पाहिजे. पेजचं नाव बदलता येतं, म्हणून पेजची लिंक वेगळी उतरवून ठेवा. कॉलची यादी पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, भरायचं. मग स्थानिक पोलीस स्थानकात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि त्यानंतरच पोस्ट काढायला सांगा. 1930 हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

‘बघा यांनी काय केलं’ म्हणत तीच पोस्ट पुढे पाठवू नका. त्याने नंबर आणखी पसरतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधलं संभाषण छापताना इतरांचे नंबर कसे झाकावे? (मडगाव)

उत्तर : फोनमधल्या मार्कर पेनने नको. त्याची शाई अर्धपारदर्शक असते. चित्राचा उजेड वाढवला की आकडे वर येतात. भरीव काळा चौकोन ठेवा आणि त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट काढून तोच वापरा. प्रोफाइल फोटोही झाका, नंबराइतकीच त्यावरून ओळख पटते.