किलविनिंगचा शून्य क्रमांक: मान मोठा की कागद जुना?

तुमचे तीन प्रश्न आहेत. फ्रीमेसन ही गवंड्यांच्या संघटनांतून वाढलेली बंधुसंस्था; 'लॉज' म्हणजे तिची स्थानिक शाखा आणि 'ग्रँड लॉज' म्हणजे देशातल्या लॉजवरची मध्यवर्ती संस्था. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या यादीत किलविनिंगसारख्या लहान गावातल्या फ्रीमेसन लॉजला '०' क्रमांक कसा? तो लॉज खरंच ११४० सालचा आहे का? आणि ज्या लॉजच्या नावात 'किलविनिंग' येतं, ते सगळे तिथूनच निघाले का?

आधी शून्याचं सांगतो. तो वयाचा दाखला नाही. चौसष्ट वर्षं चाललेल्या रुसव्यावर काढलेला तोडगा आहे.

किलविनिंग हे पश्चिम स्कॉटलंडच्या एअरशायरमधलं गाव. तिथे मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. परंपरा सांगते की हा मठ बांधायला आलेल्या पाथरवटांनीच ११४० च्या सुमारास लॉज काढला. ऐकायला छान आहे, पण इतिहासकार मठाची स्थापनाच बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात धरतात. मठाआधी मठाचे गवंडी कुठून आले? शिवाय मोठ्या बांधकामाजवळ कारागिरांची खोप असायचीच. दगड तिथे घडायचा, हत्यारं तिथे ठेवायची, जेवणही तिथेच. काम संपलं की खोप मोडायची. तिथून पुढे साडेचारशे वर्षं एकच संस्था अखंड चालत राहिली, असं म्हणायला पुरावा लागतो आणि तो नाही. जवळच्याच एअरमध्ये जन्मलेल्या शेव्हालिए रॅम्से या फ्रीमेसन लेखकाने १७३० च्या दशकात फ्रान्समध्ये लिहिलेल्या भाषणात १२८६ साली किलविनिंगला लॉज असल्याचं ठोकून दिलं. दंतकथेला तारीख मिळाली की लोक तिला इतिहास समजू लागतात. इथे तेच झालं.

पक्की जमीन लागते ती १५९९ मध्ये. विल्यम शॉ हा राजा सहाव्या जेम्सच्या बांधकामांचा प्रमुख अधिकारी. त्याने २८ डिसेंबर १५९८ ला गवंड्यांसाठी नियम काढले आणि बरोबर एका वर्षाने, २८ डिसेंबर १५९९ ला, दुसरे. या दुसऱ्या नियमांत किलविनिंगचं नाव आहे. एडिंबरा पहिला, किलविनिंग दुसरा, स्टर्लिंग तिसरा असा क्रम त्यात स्पष्ट लावलाय. गंमत म्हणजे किलविनिंगला 'दुसरा' म्हणताना त्याच दमात 'प्रमुख'ही म्हटलंय. पुढच्या भांडणाचं बी इथेच पेरलं गेलं, असं माझं मत. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा शब्द सापडला. ग्लासगो, एअर, कॅरिक या भागांतल्या गवंड्यांवरचा अधिकारही किलविनिंगच्या वॉर्डनला (लॉजच्या कारभाऱ्याला) दिलाय, म्हणजे गाव लहान असलं तरी हुकूम लांबवर चालायचा.

हे नियम मुळातून वाचा. पूर्ण कारागीर म्हणून दाखल व्हायचं तर १० स्कॉटिश पौंड आणि वर १० शिलिंगांचे हातमोजे द्यावे लागत, आणि ते पैसे मेजवानीसाठी होते. वॉर्डनने प्रत्येक कारागिराची आणि शिकाऊ मुलाची 'स्मरणकले'ची परीक्षा घ्यायची, विसरला त्याला दंड. वॉर्डनची निवड दर वर्षी २० डिसेंबरला. गूढ विधी, प्रतीकं वगैरे जे काही नंतर गाजलं, त्याच्या मुळाशी हे असं रोकडं आहे: वर्गणी, जेवण, दंड, निवडणूक.

आता कागद. किलविनिंगचं उपलब्ध सर्वांत जुनं इतिवृत्त २० डिसेंबर १६४२ चं आहे. एडिंबराच्या मेरीज चॅपल लॉजचं ३१ जुलै १५९९ चं. हा ४३ वर्षांचा फरक लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावर फिरतं.

सतराव्या शतकात या लॉजमध्ये हातात कधी छिन्नी न धरलेली मंडळीही येऊ लागली. १६७२ मध्ये किलविनिंगने अर्ल ऑफ कॅसिलिसला आपला डिकन, म्हणजे प्रमुख, निवडलं. गवंड्यांच्या संघटनेचा प्रमुख एक उमराव! त्याने भिंत बांधली नसणार, पण त्याच्या नावाने लॉजचं वजन वाढलं.

३० नोव्हेंबर १७३६ ला एडिंबरात ३३ लॉज एकत्र आले आणि स्कॉटलंडचं ग्रँड लॉज उभं राहिलं. पहिला ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचा प्रमुख, रॉसलिनचा विल्यम सेंट क्लेअर. त्याच्या घराण्याला गवंड्यांवरचा वंशपरंपरागत हक्क असल्याचं मानलं जाई. त्याने तो लेखी सोडला आणि लगेच निवडून आला. हा गृहस्थ त्याच वर्षी मे महिन्यात पहिल्यांदा लॉजमध्ये दाखल झाला होता. राजकारण तेव्हाही कळत होतं लोकांना.

मग प्रश्न आला क्रमाचा. ठरलं असं की ज्याचा कागद जुना, तो वर. तोंडी परंपरा धरायची नाही. मेरीज चॅपलने १५९९ चं पुस्तक समोर ठेवलं, किलविनिंगकडे १६४२. साहजिकच किलविनिंग दुसरा. आपल्याला आई मानणारे लॉज गावोगाव असताना दुसरं बसायचं? १७४३ मध्ये किलविनिंग बाहेर पडला. भाऊबंदकी म्हणजे भाऊबंदकीच, मग सगळे एकमेकांना 'ब्रदर' का म्हणेनात.

माझ्या दृष्टीने या लॉजचा सर्वांत रंगतदार काळ हाच. हा लहान गावचा लॉज वेगळं ग्रँड लॉज असल्यासारखा वागू लागला, स्वतःच्या सहीशिक्क्याने सनदा देऊ लागला. त्या एअरशायरपुरत्या राहिल्या नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या टॅपाहॅनक आणि फाल्मथला, कॅरिबियनमधल्या अँटिग्वालाही किलविनिंगची सनद गेली. व्यापारी जिकडे जात तिकडे लॉज जात. ग्रँड लॉजला हे खुपत असणार, कारण एकाच देशात सनदा देणारी दोन दारं उघडी राहिली.

१८०७ मध्ये ग्लासगोत समेट झाला. किलविनिंगने वेगळ्या सनदा देणं सोडलं, त्याच्या शाखा ग्रँड लॉजखाली आल्या. बदल्यात किलविनिंगला यादीच्या माथ्यावर, क्रमांकाशिवाय जागा मिळाली आणि एअरशायरचं प्रांतिक प्रमुखपद त्याच्या मास्टरकडे (लॉजच्या प्रमुखाकडे) आलं. मेरीज चॅपलचा १ क्रमांक कुणी काढला नाही, पण त्याच्यावर एक ओळ आली. पुढे तीच ओळ '०' म्हणून लिहिली जाऊ लागली. एडिंबराने कागद जिंकला, किलविनिंगने मान. 'सर्वांत जुना कोण' यावर वाद घालणारे या दोन गोष्टींची गल्लत करतात. इतिवृत्ताच्या वयात एडिंबरा पुढे आहे, हे निर्विवाद.

राहिला नावाचा प्रश्न. बहुतेक वेळा ते नाव सनद कुठून आली हे सांगतं. एडिंबराच्या कॅननगेट किलविनिंगला १६७७ मध्ये किलविनिंगकडून परवानगी मिळाली; आज त्याचा क्रमांक २ आहे, आणि वर सांगितलेला सेंट क्लेअर दाखल झाला तो इथेच. टारबोल्टनच्या सेंट जेम्स लॉजला १७७१ ची किलविनिंगची सनद आहे. कवी रॉबर्ट बर्न्स १७८४ पासून त्याचा डेप्युट मास्टर (उपप्रमुख) होता. नावात 'किलविनिंग' असलेल्या प्रत्येक लॉजपुढे सनदेचं साल लिहा. १७४३ ते १८०७ मधलं असेल तर तो रुसव्याच्या काळातला लॉज समजा आणि समेटानंतर ग्रँड लॉजने त्याला कुठला क्रमांक दिला तो वेगळा शोधा, कारण अशा लॉजचा क्रमांक आणि त्याचं वय जुळत नाही.