अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलमध्ये फक्त १२८ बाइट रॅम (कामचलाऊ मेमरी) होती, मग त्यावर गेम चालायचे तरी कसे?

आकडा बरोबर आहे, १२८ किलोबाइट नव्हे, १२८ बाइटच. १९७७ साली अमेरिकेत हा कन्सोल आला तेव्हा मेमरी महाग होती, म्हणून स्क्रीनवरचं चित्र साठवून ठेवायला जागाच दिली नाही. गेमचा प्रोग्राम कार्ट्रिजमधल्या, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीतल्या, रॉममध्ये (फक्त वाचता येणाऱ्या कायमच्या मेमरीत) असायचा. रॅममध्ये फक्त गुण, कोण कुठे आहे, उरलेले जीव असली किरकोळ नोंद.

मग चित्र? ते टीव्हीवर उमटता उमटताच तयार व्हायचं. तेव्हाच्या टीव्हीत चित्र उमटवणारा किरण एकेक ओळ रेखत खाली सरकायचा आणि कन्सोलमधली टीआयए नावाची चित्र काढणारी चिप एका वेळी एकाच ओळीपुरतं बघायची: दोन खेळाडू (म्हणजे हलत्या आकृत्या), दोन गोळ्या, एक चेंडू आणि मागची नक्षी. पुढची ओळ वेगळी हवी असेल तर प्रोसेसरने वेळेत माहिती बदलायची, आणि एका ओळीला त्याच्या हाती जेमतेम ७६ सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ७६ ठोके. जरा उशीर झाला की चित्र बिघडलंच. प्रोग्रामरची अक्षरशः तारेवरची कसरत!

खरं तर पाँग (पडद्यावरचं टेबल टेनिस) आणि रणगाड्यांच्या लढाईसारखे साधे खेळ डोळ्यांसमोर ठेवून हे यंत्र बनवलं होतं. पण तेच दोन खेळाडू वेगवेगळ्या ओळींवर पुन्हा पुन्हा वापरून लोकांनी १९८० मध्ये त्यावर स्पेस इन्व्हेडर्स या गेममधली परग्रहवासीयांची अख्खी पलटण उतरवली. त्या गेमनंतर कन्सोलचा खप धडाक्यात वाढला. उत्पादन बंद झालं ते थेट १९९२ च्या सुमारास.