बारा मीटरच्या गर्डरांपायी ठेव मोडायची का?

प्रश्न : माझ्या शेतजमिनीच्या मधोमध एक घळ आहे, ११ मीटर रुंद आणि साधारण ५ मीटर खोल. सहा वर्षांनी निवृत्त झाल्यावर पलीकडच्या तुकड्यात घर बांधायचं आहे. तोवर तिकडे जायला शेजाऱ्याच्या जमिनीतून वळसा पडतो. माझ्या शिलकीच्या १० टक्के रक्कम एकदाच घेऊन कायमची वाट लिहून द्यायला तो तयार आहे, पण मला कुणाचं मिंधं राहायचं नाही. एका ओळखीच्याकडे १२ मीटरचे जुने लोखंडी गर्डर स्वस्तात आहेत. तो म्हणतो, शिलकीच्या ३५ टक्क्यांत गाडी जाईल असा पूल उभा करून देतो. घराचा अंदाज ६० टक्के. दरवर्षी ५ टक्क्यांची भर घालतो. पेन्शन नाही. ठेव मोडून पूल आताच बांधून टाकू का?

उत्तर : आता नको. आणि या गर्डरांवर तर नकोच.

तुमच्या आजच्या शिलकीचे १०० भाग धरू. व्याज आणि महागाई एकमेकांना खातील असं मानलं, तर सहा वर्षांत ३० भागांची भर पडून १३० होतील. त्यातून पूल ३५ आणि घर ६० गेलं की पुढच्या सगळ्या आयुष्याला ३५ भाग उरतात. शेजाऱ्याची वाट घेतली तर उरतात ६०. पेन्शन नसलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. आणि पूल ३५ मध्ये होईल यावर माझा मुळीच विश्वास नाही.

त्याचं कारण त्या गर्डरांची लांबी. घळ ११ मीटर आणि गर्डर १२, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा अर्धा मीटर टेकणार, तेही अगदी काठावर. घळीचा काठ ही जमिनीची सगळ्यात कच्ची जागा. पाणी तळाशी खरवडत राहतं आणि वरची माती एक दिवस ढासळते. वाहत्या पाण्यावरचे पूल पडतात ते बहुतेक वेळा पायाखालची माती वाहून गेल्यामुळे. लोखंड मोडून पडल्याची उदाहरणं त्या मानाने थोडी. आधार काठापासून किती मागे घ्यायचे हे माती तपासल्यावरच कळेल, पण समजा दोन दोन मीटर घ्यावे लागले, तर मधलं अंतर १५ मीटर झालं. अंतर ११ वरून १५ वर गेलं की पुलाच्या स्वतःच्या वजनाने गर्डरवर येणारा वाकवणारा जोर जवळपास १.९ पट होतो आणि तोच गर्डर साडेतीन पट झुकतो. तुमचे गर्डर तर तिथवर पोचतच नाहीत. पूल कुठे टेकवायचा हे मातीने ठरवायचं सोडून स्वस्तातला माल ठरवतोय, असं हे झालंय.

‘गाडी जाईल’ म्हणजे कोणती गाडी, हेही त्या गृहस्थांना विचारलंत का? साधी मोटार दीड-दोन टनांची. पण घर बांधायचं म्हणजे काँक्रीटचा ट्रक येणार. सहा घनमीटर काँक्रीटचं वजनच १४ टनांच्या वर, त्यात गाडीचं स्वतःचं धरलं की २५ टनांच्या आसपास. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणी १० टन. आग लागली तर अग्निशमनाचा बंबही त्याच पुलावरून यायला हवा. माझ्या एका अशिलाने मोटारीपुरता पूल बांधला आणि पुढे घराची सगळी वाळू-खडी अलीकडे उतरवून लहान ट्रॉलीने पलीकडे नेली. वाचलेले पैसे तिथेच गेले, वर चार महिने जास्त. तेव्हा २५ टनांचा पूल, मागे सरकलेले पाये आणि एरवी ठेवायची असते ती थोडी राखीव रक्कम धरली, तर मी ३५ ऐवजी ५० भाग मांडून बघेन. मग निवृत्तीला उरतात २०.

घळीत पाण्यासाठी मोठा नळ टाकून वर मातीचा भराव करायचा विचार डोक्यात आला असेल तर थोडक्यात सांगतो. तुमच्या मापाच्या घळीत चार मीटर रुंद वाट करायला अडीचशे घनमीटरच्या आसपास माती लागेल. वर नळात झाडोरा अडकला की त्या भरावाचं धरण होतं, आणि फुटायला बांधलेलं नसलं तरी फुटतं.

आता मिंधेपणाबद्दल. शेजाऱ्याने तोंडी जाऊ दिलं तर तुम्ही मिंधे, हे खरं. पण पैसे मोजून, रुंदी आणि अवजड वाहनांचा हक्क स्पष्ट लिहून, जमीन विकली तरी पुढच्या मालकाला बांधील राहील अशा रीतीने वाट नोंदवून घेतली, तर तो सरळ व्यवहार आहे. दहा भाग मला त्यासाठी वाजवी वाटतात. वकिलाची फी वाचवू नका. दुरुस्तीचा खर्च कोण करणार तेही त्यातच लिहून घ्या. (माणूस चांगला आहे म्हणून हे कलम सोडणारे पुष्कळ पाहिलेत. वारस कसे निघतील ते तुम्हाला माहीत नाही.)

पूल सहा वर्षं आधी बांधला तर तो नुसता उभा राहून गंजेल. रंग, बोल्ट, वरच्या फळ्या हा खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतो, आणि त्यात अडकलेली रक्कम गरज पडली तर परत काढता येत नाही. घराचा बेत बदलला, तब्येतीने बदलायला लावला, तर घळीवरचा पूल कोण विकत घेणार? कर्ज काढून बांधायचा पर्यायही मी धरलेला नाही. निवृत्तीच्या तोंडावर, ज्यातून उत्पन्न नाही अशा गोष्टीचे हप्ते नकोत.

ठेव मुदतीपर्यंत राहू द्या. यंदा शेजाऱ्याशी व्यवहार पुरा करा. त्याचे पैसे या दोन वर्षांच्या भरीतून जातील, मुद्दलाला हात लागणार नाही. त्याने ऐन वेळी नकार दिला, तरच स्थापत्य अभियंत्याकडून दोन्ही काठांची माती तपासून २५ टनांचा आराखडा करून घ्या आणि त्याच्या आकड्यांसह पुन्हा लिहा. गर्डर तोवर दुसऱ्या कुणी नेले तर नेऊ द्यात.