गुणी पोरांकडे जास्त बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. आपल्या संस्थेच्या कामाला लागल्यावर एचआयव्ही असलेल्या आईच्या गोवंडीच्या त्या घरून आलीस, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही म्हणालीस, सुरुवातीला होतं असं. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही म्हणून लिहितेय.

तू विचारलंस दहा वर्षांच्या पोराला आईच्या एचआयव्हीचं कोण सांगणार आणि कसं. अगं, अर्धं त्याला माहितीय. दहा बाय दहाच्या खोलीत लपतं काय? आई गोळ्यांच्या बाटलीचं लेबल नखाने खरवडते, बाटली वाजू नये म्हणून आत कापूस कोंबते, तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते, जवळचं हॉस्पिटल सोडून ट्रेन बदलून लांबच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, जाते कारण इथे कोणी ओळखीचं भेटेल, हे सगळं पोरगं बघत असतं. आजाराचं नाव तेवढं माहीत नसतं, पण यावर बोलायचं नाही हे त्याला पक्कं कळलेलं असतं. मग ते आपल्या मनानेच जुळवत बसतं, मी मस्ती केली म्हणून पप्पा गेले, आता आईपण जाणार.

म्हणून लगेच नाव सांगायला धावू नकोस, आणि आईला डावलून तर अजिबातच नाही, तिच्या संमतीशिवाय तिचं स्टेटस, म्हणजे एचआयव्ही आहे की नाही ते, कोणाला सांगणं 2017 च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही. आधी तिच्याशी बस. पोरगं शाळेत बोलेल ही भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती म्हणजे ते विचारेल, तुला कुठून झालं? जागतिक आरोग्य संघटनेने, डब्ल्यूएचओने, 2011 मध्येच सांगितलंय की शाळकरी मुलांना त्यांचं स्वतःचं आणि आईबापांचं स्टेटस सांगावं, लहान असतील तर झेपेल तसं थोडं थोडं. सुरुवात एवढीच, आईच्या रक्तात एक जंतू आहे, रोजच्या गोळीने तो दबून राहतो, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य चार वेळा सांगावं लागलं तरी सांग.

आता मला खरं जे बोलायचंय ते. मारामारी करणाऱ्या, शाळा बुडवणाऱ्या पोरांवर आपल्या मीटिंगमध्ये तासभर चर्चा होते. मला घोर लागतो तो गुणी पोरीचा. पहाटे पाणी भरते, भावाचा डबा करते, आईच्या गोळीचा अलार्म तिच्याच मोबाईलवर, सगळी चाळ कौतुक करते. तिला विचार, रात्री जाग येते का, आली की काय करतेस. आईचा श्वास चालू आहे का बघते म्हणणाऱ्या पोरी मी बघितल्यात. त्याच एचआयव्ही कायद्यानुसार, घर सांभाळणाऱ्या, समज असलेल्या बारा वर्षांपुढच्या भावंडाला धाकट्याचं पालक होता येतं, शाळेतलं ॲडमिशन, बँक खातं वगैरेसाठी. सोय चांगली आहे, अनाथ घरांना लागतेच, पण सही करता आली म्हणून ती पोर मोठी झाली असं धरून चालू नकोस.

आणि अशा घरांतली बरीच पोरं स्वतः एचआयव्ही निगेटिव्ह असतात. रिपोर्ट आला की सगळे म्हणतात सुटला एकदाचा, आणि त्याचं नाव परत कोणी काढत नाही.

जाताना गळ्यात आयकार्ड नको, शेजारीण लगेच विचारते कुठल्या संस्थेच्या. कॅरम खेळ, गणितं सोडव, प्रश्न विचारत सुटू नकोस. पुढची तारीख सांगितलीस तर त्या तारखेला जाच, अशा पोरांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलेली असतात. पप्पांचा विषय त्याने काढला तर बदलू नकोस. मरण्याबद्दल बोलला, स्वतःला इजा केली, तर थांबायचं नाही, मला फोन कर आणि सायन नाहीतर केईएमची मानसोपचार ओपीडी गाठ, रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे.

घरभाडं थकलंय म्हणालीस ना, त्या टेन्शनमध्ये आई पोराशी काय बोलणार? राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत महिना 2250 रुपये मिळतात, एचआयव्ही असलेल्या आईबापांची मुलं त्यात बसतात. त्या अर्जासाठी बुधवारपर्यंत आधारच्या झेरॉक्स घे, आणि शाळेत कारण सांगत बसू नकोस, नुसतं बोनाफाईड माग.

तुझी,
ताई