गॅरेजमध्ये लाकडाचा बॉयलर बसवायच्या आधी

तुमचा प्रश्न वाचला, दौलतगंजकडे घर, सहा माणसं, खालच्या गॅरेजच्या कोपऱ्यात 200 लिटरचा लाकडाचा बॉयलर ठेवून वरच्या दोन बाथरूमना गरम पाणी न्यायचंय, तर काय काळजी घ्यावी. मी इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आठ वर्षं असलाच बॉयलर चालवतोय, त्यामुळे पहिली काळजी हीच सांगेन की गॅरेजमध्ये बसवू नका.

आज्जीचा तांब्याचा बंब चालायचा की घरात, असं म्हणाल. चालायचा, पण तो घरातल्या उघड्या चौकात असायचा आणि शेजारी दोन स्कूटर नि एक कार नसायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, ती वर उडून जात नाही, फरशीलगत सरपटत जाते, आणि बॉयलरचं राखेचं दार जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. थंडीत काय होणार म्हणाल तर पेट्रोल उणे 40 डिग्रीलाही पेटण्याइतकी वाफ सोडतं, आपल्या जानेवारीचे तीन-चार डिग्री त्याला काहीच नाहीत. अमेरिकेत एनएफपीए 211 म्हणून चिमणी नि शेगड्यांच्या सुरक्षेचे नियम आहेत, त्यात घराच्या गॅरेजमध्ये लाकडाचं उपकरण बसवायला सरळ मनाई आहे.

मग कुठे? मागे चौक किंवा गल्ली असेल तर गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून बाहेर, वर पत्रा टाकून. तेवढी जागाच नसेल तर गॅरेजचा तो कोपरा विटांच्या भिंतीने पार छतापर्यंत बंद करा आणि त्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला काढा, गॅरेजमध्ये नको, एक झरोकाही नको. हवा बाहेरून घ्या, खाली एक आणि वर एक अशी जाळी लावून.

माझ्याकडची अशीच जाळी पहिल्या वर्षी मी गोणपाटाने बुजवली होती, गार वारा येतो म्हणून. धुक्याची सकाळ, दारही लोटलेलं, बायको राख काढायला गेली आणि पंधरा मिनिटांत डोकं धरून बाहेर आली, उलटी झाली, आम्हाला वाटलं पित्त. तासाभराने मीही आत वाकलो तेव्हा पाय लटपटले मग ट्यूब पेटली. धूर दिसत नव्हता हो, नुसते निखारे होते, आणि कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच जास्त निघतो, वास नाही रंग नाही, रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आता एक अलार्म बॉयलरजवळ आणि एक जिन्यात लावलाय, तुम्हीही दोन घ्याच.

चिमणीचं काम मिस्त्रीवर सोडून ऑफिसला जाऊ नका. माझ्याकडे त्याने पाईप उलटे जोडले, म्हणजे वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून बसवला, दिसायला छान, पण दोन महिन्यांत प्रत्येक जोडातून धुराचं काळं डांबर ओघळून चुन्याच्या भिंतीवर मिशा उमटल्या. वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या आत जायला हवा, म्हणजे ओघळ आतल्या आत परत जाळात पडतो. हे डांबर साचलं की एक दिवस चिमणीच आतून पेटते. उंची म्हणाल तर छतापासून किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल, पाण्याची टाकी, शेजाऱ्याची गच्चीवरची खोली, त्याहून दोन फूट वर. एकेरी पत्र्याचा पाईप लाकूड, प्लायवूड, वायर यांच्यापासून दीड फूट लांब ठेवा. गच्चीचा पटिया, म्हणजे छताची दगडी फरशी, फोडून वर नेण्यापेक्षा बाहेरच्या भिंतीवरून नेलेला बरा.

आता पाणी. 200 लिटर पाणी 15 वरून 60 डिग्रीला नेलं की ते तीन लिटरच्या आसपास फुगतं, त्याला जायला वाट हवी. म्हणून बॉयलरच्या डोक्यावरून एक मोकळा पाईप गच्चीवरच्या टाकीच्याही वर जातो, ह्या पाईपवर वॉल्व्ह नाही, टोपी नाही, काही नाही. माझ्या प्लंबरने तिथे टोपी ठोकली होती, का तर "साहब, पानी टपकता है". टपकू दे रे बाबा! ती वाट बंद झाली आणि पाणी उकळलं तर एका लिटरची सोळाशेच्या वर लिटर वाफ होते, मग तो बॉयलर राहत नाही, बॉम्ब होतो. जोडीला सेफ्टी वॉल्व्ह लावा, त्याचं तोंड जमिनीकडे. सुरुवातीचे चार फूट जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाईप चालेल, साधा पांढरा पीव्हीसी अजिबात नाही.

लाकूड टालीवरून, म्हणजे वखारीतून, बाभळीचं घ्या, फाडून सहा महिने वाळवलेलं. एवढ्या पाण्याला साधारण साडेदहा युनिट उष्णता लागते, म्हणजे पाच-सहा किलो कोरडं लाकूड, अर्धी उष्णता चिमणीतून जाते हे धरून. ओलं लाकूड म्हणजे धूर नि डांबर. जुनं प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी जाळायचा मोह होतो, नका जाळू. आणि राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, दोन दिवस बाहेरच. आमच्या मुलाने प्लॅस्टिकच्या बादलीत भरली होती, सकाळी फक्त कडी उरली.

मागच्या भिंतीचा फोटो आणि चौकाचं माप टाका, दार कुठून काढता येईल ते बघून सांगतो. प्लंबरला ॲडव्हान्स तोपर्यंत देऊ नका.