शास्पो बंदूक, आर्देनची कोंडी आणि २४१९ डी

या महिन्यात जर्मनी आणि फ्रान्स यांच्या लढायांवरचे प्रश्न इतके आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकते, मुलगा फ्रेंच. नाश्त्याच्या टेबलावर रोज चकमक. ‘फ्रेंच नेहमी हरतात’ हे मुलीचं पालुपद. मुलगा कुठेतरी वाचून आला की १८७० मध्ये फ्रेंचांची बंदूक जर्मनांपेक्षा सरस होती. मग हरले कसे, यावर मात्र तो गप्प होतो. उत्तर काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी ताईंचं पालुपद. १४ ऑक्टोबर १८०६ या एकाच दिवशी नेपोलियनने येनाला आणि त्याचा मार्शल दावू याने आउअरश्टेटला प्रशियाच्या फौजेची दाणादाण उडवली. दोन आठवडे उलटायच्या आत नेपोलियन बर्लिनमध्ये होता. १९१८ मध्ये शस्त्रसंधी मागायला आले तेही जर्मनच. तेव्हा ‘नेहमी’ हा शब्द नाश्त्याच्या टेबलावरून उचलायला हरकत नाही.

आता १८७०. स्पेनच्या गादीचा वाद, एम्सहून आलेली तार, बिस्मार्कने तिची केलेली काटछाट हे शाळेच्या पुस्तकात असतं, त्यात मी शिरत नाही. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारलं आणि दीड महिन्यात फ्रान्सचा सम्राट सेदानला कैद झाला. मधल्या काळात काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

चिरंजीवांचं वाचन बरोबर आहे. फ्रेंचांची शास्पो बंदूक १८६६ ची. तिच्या खटक्यापाशी रबराची चकती असे, त्यामुळे बार उडताना वायू मागे येत नसे. नेम धरायची पट्टी १,२०० मीटरपर्यंत. प्रशियाची ड्रायझे त्याहून जुनी, पल्ला जेमतेम निम्मा, आणि मागून इतका वायू सुटायचा की कित्येक शिपाई ती गालाला लावायला बिचकत. १८ ऑगस्टला साँ-प्रिव्हा गावासमोरच्या उघड्या उतारावरून प्रशियाची शाही गार्ड चालत पुढे गेली आणि शास्पोच्या माऱ्यात तिची सुमारे ८,००० माणसं पडली. त्या दिवशी एकूण हानी जर्मनांचीच जास्त झाली होती. तरी संध्याकाळी मैदान त्यांच्याकडे राहिलं आणि मार्शल बाझेन सगळी फौज घेऊन मेट्झच्या तटबंदीत जाऊन बसला. ऑक्टोबरअखेर तिथेच त्याने शरणागती दिली.

याचं एक कारण तोफा. जर्मनांच्या, क्रुप कारखान्याच्या पोलादी तोफा मागून भरायच्या, फ्रेंचांच्या पितळी तोफा अजून तोंडातून. जर्मन गोळा आदळला की फुटे. फ्रेंच गोळ्याची वात ठरावीक अंतरांनाच लागू पडे, शत्रू त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असला की बार फुकट. फ्रेंचांकडे पंचवीस नळ्यांची मित्रायूझ नावाची यंत्रबंदूकही होती. ती इतकी गुप्त ठेवली की ती चालवायची कशी हे त्यांच्याच बहुतेक शिपायांना धड माहीत नव्हतं. गुप्ततेचा असा अतिरेक सरकारी कचेरीत काम केलेल्यांना नवा नसावा.

पण तोफा सुरू व्हायच्या आधीच निम्मा निकाल लागला होता, तो स्टेशनांवर. माझी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्यांची वाहतूक हाकणाऱ्या कचेरीत गेली, पुणे विभागात. त्यामुळे लढाई वाचताना माझी नजर घोडदळाच्या आधी वॅगनवर जाते. प्रशियाची जवळजवळ प्रत्येक कोअर (अनेक पलटणींची मोठी फौज) आपल्याच प्रांतातून भरती करत असे, म्हणजे शिपाई, त्याचा गणवेश आणि त्याचं स्टेशन सगळं हाकेच्या अंतरावर. आधी पलटण पूर्ण भरायची, मग गाडीत बसवायची. गाडी कधी सुटणार, कुठे पाणी घेणार, कुठे जेवण, हे प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या हाताखालच्या रेल्वे शाखेने शांततेच्या काळातच लिहून ठेवलेलं. अठरा दिवसांत सुमारे ४,६०,००० माणसं सरहद्दीवर उतरली. त्यांत बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग, बाडेनचीही होती. ‘जर्मनी’ नावाचा देश तेव्हा अजून व्हायचा होता.

फ्रेंचांनी दोन कामं एकदम काढली. पलटण अर्धीमुर्धी होती तशीच सरहद्दीकडे धाडली आणि राखीव शिपायांना सांगितलं, आपापल्या डेपोत जा, गणवेश-बंदूक घ्या आणि पलटण गाठा. डेपो एका टोकाला, पलटण दुसऱ्या टोकाला. झुआव्ह नावाच्या फ्रेंच पायदळ पलटणींचे डेपो तर अल्जीरियात. उत्तर फ्रान्समधल्या झुआव्हने समुद्र ओलांडून आफ्रिकेत जायचं, लाल विजार घ्यायची, परत समुद्र ओलांडायचा आणि मग जर्मन सरहद्द शोधायची! मिशेल नावाच्या एका जनरलने बेल्फोरहून पॅरिसला तार केली, तिचा मजकूर असा की पोचलो, ब्रिगेड सापडत नाही, वरिष्ठ सापडत नाहीत, माझ्या पलटणी कुठे आहेत ठाऊक नाही, काय करू? ही तार विनोदी लेखकाने लिहिलेली नाही, खरी आहे. मेट्झच्या यार्डात वॅगनवर वॅगन येऊन थडकत होत्या, आत काय आहे हे कुणाला माहीत नाही आणि उतरवायला हमाल नाहीत. जुलैअखेर सरहद्दीवर त्यांची जेमतेम दोन-अडीच लाख माणसं होती. रेक (जोडलेल्या वॅगनची अख्खी माळ) पोचला म्हणजे माल पोचला असं होत नाही. तो रिकामा होऊन परत निघाला तरच पुढचा आत घेता येतो. हे कंट्रोलमधल्या पोराटोराला पहिल्या आठवड्यात कळतं, फ्रेंच युद्धखात्याला कळायला सेदान लागलं.

आता ताईंनीही जरा ऐकावं. ‘जर्मन शिस्त’ नावाची जी आरती आपल्याकडे म्हटली जाते तिचं दुसरं कडवं कुणी म्हणत नाही. सरहद्द ओलांडल्यावर मोल्टकेच्या गाड्याही तुंबल्याच. माल उतरायचा मागे, फौज पायी पुढे गेलेली, अंतर रोज वाढतं. तूल हा एक जुनाट किल्ला पॅरिसकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर बसला होता, तो २३ सप्टेंबरपर्यंत पडला नाही आणि तोवर ती लाइन बंद. फ्रेंचांनी नाँतेचा बोगदा सुरुंगाने उडवला, म्हणून वेढ्याच्या अवजड तोफा पॅरिससमोर यायला महिने गेले. शहरावर तोफा डागल्या त्या जानेवारी १८७१ मध्ये. तोपर्यंत जर्मन शिपाई बराचसा फ्रेंच शेतकऱ्याच्या कोठारावर जगला. म्हणजे रेल्वेने जर्मनांना मैदानापर्यंत वेळेवर आणलं, पुढचं काम पायांनी आणि तोफांनी केलं. पहिल्या तीन आठवड्यांत जी आघाडी मिळाली तीच पुरली.

प्रश्न : १९१४ मध्ये पॅरिसच्या टॅक्सीवाल्यांनी फ्रान्स वाचवला हे खरं का?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : गोष्ट छान आहे, हिशेब छोटा आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसजवळ मार्न नदीवर झालेल्या लढाईसाठी सुमारे ६०० टॅक्सींनी चार-पाच हजार शिपाई नेले. मीटर चालू होते आणि सरकारने भाडंही चुकतं केलं. (रिक्षाचा विषय इथे कृपया काढू नये.) खरं काम केलं ते रेल्वेने. फ्रेंच सरसेनापती जोफ्रने पूर्वेकडच्या लोरेनच्या बाजूच्या तुकड्या उचलून आगगाडीने पॅरिसकडे आणल्या. फ्रान्सचे लोहमार्ग पॅरिसहून चहूकडे फुटतात, त्याचा पुरेपूर फायदा झाला. जर्मनांचा उजवा हात, म्हणजे उजव्या बाजूची फौज, मात्र बेल्जियममधले उखडलेले रूळ आणि पाडलेले पूल मागे टाकत ऑगस्टच्या उन्हात महिनाभर चालून आला होता. १८७० चा डाव बरोबर उलटा पडला. कोथरूडच्या चिरंजीवांनी हे टिपून ठेवावं.

प्रश्न : माजिनो रेषा ही जगातली सर्वांत महागडी चूक होती, असं आमचे सर म्हणायचे. आपलं मत?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : सरांचा मान राखून, मी सहमत नाही. माजिनो रेषा म्हणजे फ्रान्सने जर्मन सरहद्दीवर बांधलेली किल्ल्यांची रांग. तटबंदी होती तिथे जर्मनांनी मुख्य धडक मारलीच नाही, आणि शत्रूला तिथून हटवणं हेच तिचं काम होतं. पश्चिम टोकाचा ला फर्ते नावाचा लहान किल्ला मे १९४० मध्ये पडला, आतले १०७ जण मेले. मोठे किल्ले लढाईत पडले नाहीत. काहींनी तर शस्त्रसंधी झाल्यावर, वरून हुकूम आला म्हणून दरवाजे उघडले.

चूक झाली ती रेषा संपते त्याच्या पुढे. बेल्जियमच्या बाजूच्या आर्देनच्या डोंगराळ जंगलातून रणगाडे येणार नाहीत असं धरून सेदानजवळ म्यूज नदीवर वयस्क राखीव शिपायांच्या तुकड्या ठेवल्या होत्या. हे तेच सेदान. जर्मन जनरल क्लाइस्टच्या एका रणगाडा गटाची ४१,००० च्या वर वाहनं त्या जंगलातल्या अरुंद रस्त्यांवर एकामागे एक उभी होती, वरून फ्रेंच वैमानिकांनी ती पाहिली, आणि खाली मुख्यालयात कुणी विश्वास ठेवला नाही. त्या कोंडीवर दोन दिवस नीट बॉम्ब टाकले असते तर आज आपण क्लाइस्टच्या हाताखालच्या रणगाडा सेनानी गुडेरियनचं नाव घेतलं असतं की नाही, शंका आहे. १३ मे रोजी जर्मनांनी म्यूज ओलांडली. फ्रेंच सरसेनापती गामलॅं तेव्हा व्हँसेनच्या गढीत बसून होते आणि त्या मुख्यालयात बिनतारी संच नव्हता. फ्रेंचांचे रणगाडे संख्येने कमी नव्हते, चिलखतानेही कित्येक सरस होते. रेडिओ मात्र थोड्यांतच. पुन्हा शास्पोचीच गत झाली. हत्यार चांगलं, निरोप पोचत नाही.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात पुण्याचे सैनिक फ्रान्समध्ये जर्मनांशी लढले का? पूना डिव्हिजन तिकडेच गेली होती ना?
– एक वाचक, वानवडी

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली, तुर्कांशी लढली आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत-अल-अमारा इथे तिला शरण जावं लागलं. आपल्या मराठा पलटणी त्या वाळवंटात होत्या, फ्रान्सच्या चिखलात नव्हे.

फ्रान्सला गेली ती पूना हॉर्स. १८१७ मध्ये, पेशवाईच्या अगदी अखेरीस उभी राहिलेली ही घोडदळाची रेजिमेंट. नावात पुणे असलं तरी १९१४ मध्ये तिच्यात राठोड राजपूत, कायमखानी आणि पंजाबी मुसलमान असत. घोडे मागे ठेवून यांना खंदकात उतरवलं. २४ नोव्हेंबर १९१४ ला फेस्त्युबेरजवळ या रेजिमेंटचा लेफ्टनंट फ्रँक दे पास, वय २७, जर्मनांनी आपल्या खंदकाच्या दिशेने खणत आणलेल्या चरात शिरला, त्यांचा आडोसा सुरुंगाने उडवला आणि नंतर भर माऱ्यात एका जखमी हिंदी शिपायाला उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी तो मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्याला त्याने आणलं त्याच्याबद्दल बहुतेक पुस्तकांत एक ओळही नसते, याचा मला दरवेळी राग येतो. न्यव्ह-शापेलला १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर मात्र ४,७०० हून अधिक हिंदी नावं कोरलेली आहेत.

प्रश्न : ज्या डब्यात जर्मनांनी १९१८ ला सही केली, त्याच डब्यात हिटलरने फ्रेंचांना सही करायला लावली. तो डबा आज कुठे आहे?
– एक वाचक, घोरपडी

उत्तर : घोरपडीहूनच हा प्रश्न यायचा! डबा क्रमांक २४१९ डी, वागाँ-ली कंपनीची डायनिंग कार, दोस्तांचा सरसेनापती मार्शल फॉश याच्यासाठी कचेरी म्हणून बदलून घेतलेली. काँपियेनच्या जंगलात रुळांवरून चालणाऱ्या तोफांसाठी साइडिंग (मुख्य मार्गाबाजूचा जोडरूळ) टाकलेलं होतं, तिथे ती उभी केली होती. ११ नोव्हेंबर १९१८ ची सही तिथली. पुढे डबा संग्रहालयात गेला. जून १९४० मध्ये जर्मनांनी संग्रहालयाची भिंत फोडून तो पुन्हा नेमक्या त्याच जागी ओढला, २२ जूनला सही घेतली आणि डबा बर्लिनला नेला. १९४५ मध्ये थुरिंजियात तो नष्ट झाला. आज काँपियेनला दिसतो तो त्याच मालिकेतला २४३९ डी. सूड घ्यायला व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल पुरत होता खरं तर. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्याची घोषणा त्याच दालनात झाली, म्हणून १९१९ चा तह फ्रेंचांनी तिथेच करवला. डायनिंग कारचं यात काय चुकलं होतं?

प्रश्न : आम्ही उभयता पॅरिसहून स्ट्रासबुर्गला जाणार आहोत. सहल कंपनी कॅथीड्रल दाखवणार आहे. युद्धांच्या दृष्टीने आणखी काय पाहावं?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : रूळ पाहा. फ्रान्समध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. आल्सास (स्ट्रासबुर्ग याच भागात) आणि शेजारच्या मोझेलमध्ये मात्र जुन्या मार्गांवर त्या उजव्या बाजूने धावतात, कारण १८७१ ते १९१८ हा मुलूख जर्मनांकडे होता आणि त्यांची पद्धत उजवीची. १९१८ नंतर फ्रेंचांनी ती मोडली नाही. जुन्या सरहद्दीपाशी एक मार्ग दुसऱ्यावरून उड्डाणपुलाने नेऊन बाजू बदलतात. शक्य असेल तर एखादा टप्पा साध्या प्रादेशिक गाडीने करा.

आणखी एक, हे खिशाच्या उपयोगाचं. धर्म आणि सरकार वेगळं करणारा फ्रान्सचा १९०५ चा कायदा या भागाला लागू नाही, कारण तो झाला तेव्हा हा भाग फ्रान्समध्ये नव्हताच. त्यामुळे इथल्या पाद्र्यांचा पगार आजही सरकार देतं. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या दोन सुट्ट्याही स्थानिक कायद्याने जास्तीच्या आहेत. तुमची सहल ईस्टरच्या सुमाराची असेल तर शुक्रवारी दुकानं बंद मिळतील, खरेदी गुरुवारीच उरकून घ्या.